गुंडा संपत आला: नवा धागा कोणत्या रीतीने जोडावा?

क्रोशाकाम अर्ध्यावर असताना गुंडा संपला की जुन्या-नव्या धाग्याची साधी गाठ मारून पुढे जायचा मोह होतो. तो आवरावा. अशी गाठ वापरात सैल होऊ शकते आणि टाक्यांतून वर डोकावते. याहून चांगल्या चार रीती आहेत. त्यातली कुठली घ्यायची, हे धागा कशाचा आहे आणि वस्तू किती ताणली-धुतली जाणार आहे यावर ठरवा.

सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे टाक्यातच धागा बदलणं. खांब किंवा मुका खांब (क्रोशाचे उंच आणि बुटके टाके) विणताना क्रोशाच्या सुईवर शेवटचे दोन फास उरले की जुना धागा सोडायचा आणि नवा धागा सुईवर घेऊन त्या दोन्हींतून ओढायचा. सुती, ॲक्रिलिक, लोकर, कुठल्याही धाग्याला ही चालते. रंग बदलतानाही हीच वापरावी, म्हणजे पुढचा टाका अगदी माथ्यापासून नव्या रंगात येतो. त्रास एकच, दोन टोकं मागे उरतात. ती प्रत्येकी निदान 15 सेंमी ठेवा. आखूड टोक ओवायलाही अवघड आणि टिकायलाही. नंतर बोथट सुईने ते काही टाक्यांतून एका दिशेला न्यायचं, एक धागा ओलांडून उलट आणायचं आणि पुन्हा पहिल्या दिशेला वळवायचं. या उलटसुलट ओवण्यामुळेच वस्तू ताणली तरी टोक निसटत नाही. टोकांवरूनच पुढचे टाके विणत गेलं तर वेळ वाचतो खरा, पण गुळगुळीत सुती धाग्यात तेवढ्यावर विसंबू नये. सरळ रेषेत दाबलेलं टोक हळूहळू बाहेर येतं.

टोकं ओवायचा ज्यांना मनापासून कंटाळा आहे, त्यांना मॅजिक नॉट आवडते. दोन धागे विरुद्ध दिशांनी शेजारी ठेवायचे, प्रत्येक टोकाने दुसऱ्या धाग्याभोवती गाठ मारायची आणि लांब बाजू ओढायच्या. गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. जोरात ओढून पाहिल्यावर टोकं कापायची. ॲक्रिलिकमध्ये ती बहुधा टिकते. रेशीम, बांबू किंवा मर्सराइज्ड (प्रक्रियेने चकाकी आणलेला) सुती अशा निसरड्या धाग्यात मात्र मी ती वापरणार नाही, कारण कापलेलं टोक सुटलं तर दुरुस्तीला धागाच उरत नाही. बाळाच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यातही नको, गाठ टोचते. आत कापूस भरलेल्या खेळण्यात ती उत्तम, कारण गाठ आतल्या बाजूला ढकलता येते.

रशियन जॉइनमध्ये गाठ नसते. एक टोक दुसऱ्या धाग्यात अडकवून वळवायचं आणि सुईने स्वतःच्याच पिळातून काही सेंमी मागे ओवायचं. दुसऱ्या टोकाचंही तसंच. जोड मजबूत होतो, पण तेवढा भाग जाड दिसतो. पीळ नसलेल्या एकेरी धाग्यात हे नीट जमत नाही. वेळही बराच जातो, त्यामुळे सलग एकाच रंगाच्या शालीसारख्या कामातच ही मेहनत सार्थकी लागते.

चौथी रीत फक्त खऱ्या लोकरीची. दोन्ही टोकांचे पदर उलगडायचे, ते एकमेकांत मिसळायचे, पाण्याने ओले करून तळहातांत जोरात चोळायचे. ओल, ऊब आणि घर्षण यांनी लोकरीचे तंतू गुंतून एकजीव होतात. जोड शोधूनही सापडत नाही. ॲक्रिलिक आणि सुती धाग्यात हे होतच नाही, आणि लेबलवर सुपरवॉश लिहिलेल्या लोकरीवरही तंतू गुंतू नयेत अशी प्रक्रिया केलेली असते. शंका असेल तर आधी दोन तुकडे चोळून पाहा.

माझा कौल असा: खरी लोकर असेल तर चोळून जोडा, बाकी जवळपास सगळीकडे टाक्यातच धागा बदला. जाळीच्या नक्षीत टोक साखळ्यांमध्ये लपत नाही, तिथे जोड दाट खांबांच्या जागी किंवा ओळीच्या कडेला आणा. कडेला बॉर्डर येणार असेल तर टोकं तिच्याखाली सहज जातात.

उरलेला धागा आणखी दोन ओळींना पुरेल का, हे आधीच कळू शकतं. तो दुमडून बरोबर मध्यावर एक सुटणारी गाठ घाला आणि एक ओळ विणा. गाठीपर्यंत न पोहोचता ओळ संपली, तर तेवढीच आणखी एक ओळ निघेल. ओळ संपण्याआधीच गाठ हाताशी आली, तर ही ओळ पुरी करून नवा गुंडा कडेलाच जोडा.