नोवोपेन ४, दीड वर्ष वापरल्यावर लिहितेय

मी एसटीत कंडक्टर आहे, वय ४७, शुगर निघून अकरा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची तीन वर्षं इन्सुलिनवर आहे. पहिलं दीड वर्ष बाटली आणि सिरिंज, त्यानंतर हा इन्सुलिन टोचायचा पेन, नोवोपेन ४. माझ्यासारख्या फिरतीच्या नोकरीतल्या बायका विचारत असतात कोणता घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सिरिंजचा माझा खरा त्रास टोचण्याचा नव्हताच. मुक्कामी ड्युटी असली की गाडी रात्री गावात जाऊन थांबते, तिथे लाईट असेल नसेल, मोबाईलचा टॉर्च दातात धरून बाटली उलटी करायची, बुडबुडा काढायचा आणि सिरिंजवर माझ्या डोसची, १४ युनिटची रेघ शोधायची. चाळिशीचा चष्मा लागल्यापासून १४ का १६ हे खात्रीने सांगता यायचं नाही. त्यात माझं ३०/७० वालं साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असायचं. एकदा इन्सुलिन घेऊन बसले आणि घाटात ट्रक आडवा झाला, जेवण राहिलं लांब, शुगर उतरली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, पैसे मोजता येईनात, एका आजींनी पिशवीतला गूळ दिला म्हणून निभावलं. त्यानंतर भीतीने मी ड्युटीवर डोस टाळायला लागले आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) गेलं १०.४ वर.

डॉक्टरांनी मग दोन गोष्टी बदलल्या, इन्सुलिन नोवोमिक्स ३० केलं, जे जेवणाच्या अगदी आधी घेता येतं, आणि पेन घ्यायला सांगितला. पेन दोन प्रकारचे असतात, एक वापरून संपला की टाकायचा, त्यात इन्सुलिन भरलेलंच येतं, आणि दुसरा कायमचा, ज्यात ३ मिलीचं कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिनची काचेची नळी, बदलत राहायचं. मी फ्लेक्सपेन, ह्युमापेन आणि नोवोपेन ४ असे तिन्ही हातात घेऊन बघितले. माझं इन्सुलिन ज्या कंपनीचं त्याच कंपनीचा पेन लागणार हे तर होतंच, त्यामुळे ह्युमापेन आपोआप बाद झाला. फ्लेक्सपेन वजनाला हलका आहे आणि भरायची कटकट नाही, पण मला रोज दोन वेळा लागतं, आठवड्याला एक पेन कचऱ्यात टाकायचा हे मनाला पटेना. नोवोपेन ४ धातूचा आहे, हातात भरीव लागतो, १ ते ६० युनिटपर्यंत एकेक युनिटने फिरतो, आकडे ठळक आहेत, जास्त फिरला तर मागे फिरवता येतो आणि इन्सुलिन वाया जात नाही. डोस पूर्ण गेला की एक टक् असा आवाज येतो, तो मला अंधारात फार धीर देतो. पण आवाज मोजून डोस लावू नका हं, डोस आकडा बघूनच लावायचा. (लहान मुलांना अर्धा युनिट लागतं त्यांच्यासाठी नोवोपेन एको वेगळा येतो.)

सवय व्हायला मला तीन आठवडे लागले. नोवोमिक्स गढूळ असतं, पेन सरळ धरला की पांढरं खाली बसलेलं स्पष्ट दिसतं आणि वर पाण्यासारखं. आत काचेची बारीक गोळी असते. तळहातात दहा वेळा वळायचं, मग दहा वेळा वरखाली करायचं, गोळी या टोकाकडून त्या टोकाला जायला हवी, सगळं दुधासारखं एकसारखं झालं की मगच सुई लावायची. मी सुरुवातीला घाईत दोनदा हलवून घ्यायचे आणि एक दिवस शुगर १४०, दुसऱ्या दिवशी २८०, कारण कळेना. कार्ट्रिजमध्ये १२ युनिटपेक्षा कमी उरलं तर ते नीट मिसळत नाही, तेव्हा नवीन लावायचं. ३०० युनिट असतात, माझे सकाळी २२ रात्री १४ आणि प्रत्येक वेळी दोन युनिट हवेत सोडून बघायचे, म्हणजे दिवसाला ४०, आठवडा निघतो. ते दोन युनिट वाया जातात म्हणून वाचवू नका, सुईच्या टोकाला थेंब दिसला तरच आत जातंय हे कळतं. टोचल्यावर बटण दाबून दहापर्यंत मोजते, मगच सुई काढते, आधी लगेच काढायचे तर पोटावर थेंब ओघळायचा, म्हणजे तेवढं कमीच गेलं ना.

सुई ४ मिमीची घ्या. मी जाड आहे म्हणून मला ८ ची लागेल असं वाटायचं, डॉक्टर म्हणाले जाड असो बारीक असो मोठ्या माणसाला ४ पुरते, सरळ टोचायची, चिमूट धरायची गरज पडत नाही. आणि खरंच मुंगी चावल्यासारखंही वाटत नाही. खर्च पेनचा एकदाच असतो, महिन्याला खिशाला लागतात त्या सुया, त्यामुळे मीही एक सुई चार चार दिवस वापरली आणि लावूनच ठेवायचे. परिणाम असा झाला की उन्हात पेनमधून गळलं, तिकिटांच्या बॅगेत पाऊच चिकट, कार्ट्रिजमध्ये हवा शिरलेली. शिवाय बेंबीच्या डाव्या बाजूला एकाच जागी टोचून टोचून गाठ झाली, वरून दिसत नव्हती, डॉक्टरांनी बोटांनी दाबून माझाच हात तिथे फिरवला तेव्हा रबरासारखं लागलं. तिथे दुखत नाही म्हणून मी तिथेच घ्यायचे आणि गाठीतून इन्सुलिन नीट उतरतच नव्हतं. आता जागा बदलते, एक बोट अंतर सोडत जाते, सुई दर वेळी नवी आणि वापरलेली जाड प्लास्टिकच्या डब्यात.

मेडिकलवाल्यांबद्दल एक राग आहे तो लिहितेच. एका मेडिकलमध्ये माझं कार्ट्रिज नव्हतं तर त्यांनी दुसऱ्या कंपनीचं काढून दिलं, म्हणे ताई सेमच असतं, बसतं. असं घेऊ नका, पेन आणि कार्ट्रिज जुळणारंच हवं, नाहीतर डोसचा भरवसा नाही. आणि त्याहून मोठा धोका म्हणजे पेन अडला तर कार्ट्रिजमधून सिरिंजने काढून घ्या असा सल्ला देणारे भेटतात. आपल्याकडे बाटली बहुतेक ४० ची असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि लाल टोपणाची सिरिंज तिच्यासाठी, पेनचं इन्सुलिन १०० चं, एका मिलीत १०० युनिट. लाल सिरिंजवर २२ च्या रेघेपर्यंत कार्ट्रिजमधलं भरलं तर अंगात ५५ युनिट जातील. माणूस झोपेत जाईल हो. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

उन्हाळ्याचं म्हणाल तर वापरातला पेन ३० डिग्रीच्या आत ठेवायचा, चार आठवडे चालतो, फ्रीजमध्ये परत घालायचा नाही. आमच्या सोलापूरकडे मे महिन्यात बसमध्ये इंजिनजवळ काय तापतं ते सांगायला नको, म्हणून ओल्या सुती फडक्यात पेनची डबी गुंडाळून पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवते, घरी लाईट गेली की डबी माठाजवळ. बर्फाला टेकवून ठेवू नका, एकदा गोठलं की ते इन्सुलिन फेकूनच द्यायचं. नवीन कार्ट्रिजं फ्रीजच्या दारात, फ्रीजरपासून लांब.

गेल्या महिन्यात एचबीए१सी ७.६ आलं. डोस चुकवणं बंद झालं, हा सगळा फरक त्याचाच.

कुणाला आईसाठी वगैरे घ्यायचा असेल तर आधी पेन तिच्याच हातात द्या, चष्म्याने आकडा वाचता येतो का आणि अंगठ्याने बटण शेवटपर्यंत दाबलं जातंय का बघा, माझ्या सासूबाईंचा अंगठा संधिवाताने वळत नाही, त्यांना मीच देते.