आधी मीटर, मग माल: नाना पेठेतील कार ऑडिओ दुरुस्तीचे दुकान

गाडीतील स्टीरिओचे स्पीकर बंद पडले की पुष्कळ दुकानांत पहिला सल्ला मिळतो तो नवा संच बसवण्याचा. पुण्याच्या नाना पेठेतील या दुकानाची शिफारस मी करतो ती येथील मालासाठी नव्हे, तर बिघाड नेमका कोठे आहे हे ठरल्याशिवाय येथे काहीही विकले जात नाही म्हणून.

माझ्या जुन्या हॅचबॅकचा पुढचा डावा स्पीकर पावसाळा सुरू झाल्यापासून मधूनच गप्प होत असे. दार उघडे असताना तो वाजे आणि दार लावले की बंद पडे. पुढे एके दिवशी चारही स्पीकर एकदम थांबले, मात्र स्टीरिओचा डिस्प्ले चालू होता आणि पेन ड्राइव्हवरील गाण्याचे सेकंदही पुढे सरकत होते. घराजवळच्या एका दुकानाने पॅनेल न उघडताच स्टीरिओतील आयसी (आवाज मोठा करणारी चिप) जळाल्याचे जाहीर करून टचस्क्रीन स्टीरिओ आणि चार स्पीकर असा १८,००० रुपयांचा हिशेब हातात ठेवला.

या दुकानातील कारागिरांनी आधी प्रश्न विचारले. आवाज हळूहळू गेला की एकदम, पाऊस होता का, अलीकडे दाराचे किंवा काचेचे काही काम झाले आहे का, हे विचारून झाल्यावर त्यांनी स्वतः फेडर (पुढे-मागे आवाज वाटणारी सेटिंग) आणि बॅलन्स (डावी-उजवी वाटणी) मध्यावर असल्याची खात्री केली. (हे दोन्ही एका टोकाला सरकलेले असतात आणि गिऱ्हाईक स्पीकर बदलायला येते, असे नेहमी घडते म्हणे.) डिस्प्ले चालू असल्याने फ्यूज शाबूत होता, हे उघडच होते. त्यानंतर त्यांनी स्टीरिओ बाहेर ओढला आणि त्याच्यामागील हार्नेसमधून, म्हणजे तारांच्या जुडग्यातून, स्पीकरच्या तारांची एकेक जोडी सोडवत नेली. गाडीसोबत न आलेल्या, बाहेरून बसवलेल्या बहुतेक स्टीरिओंत पांढरी जोडी पुढच्या डाव्या, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची असते, आणि काळी रेघ असलेली तार ऋण असते. पांढरी जोडी सोडवून स्टीरिओ पुन्हा चालू करताच उरलेले तिन्ही स्पीकर वाजू लागले.

यामागचे कारण त्यांनी मला थोडक्यात, पण नीट समजावून सांगितले. आजच्या कार स्टीरिओंत स्पीकरची ऋण तार गाडीच्या पत्र्याशी, म्हणजे अर्थशी, जोडलेली नसते. दोन्ही तारा ॲम्प्लिफायरच्याच असतात आणि दोन्हींवर विद्युतदाब (व्होल्टेज) असतो. त्यांपैकी एक जरी पत्र्याला टेकली, तरी आतील आयसी स्वतःला वाचवण्यासाठी चारही स्पीकरचा आवाज तोडतो. म्हणूनच सगळे स्पीकर एकाच क्षणी बंद पडले तर चारही जळाले असण्याची शक्यता फार कमी असते आणि संशय आधी एखाद्या तारेवर घ्यायचा असतो. मल्टिमीटरची एक पिन पांढऱ्या तारेला आणि दुसरी दाराच्या बिजागरीजवळील उघड्या स्क्रूला लावली, तेव्हा मीटर वाजला आणि संशय खरा ठरला.

दाराच्या बिजागऱ्या ज्यावर असतात तो गाडीचा खांब आणि दार यांच्यामध्ये जी रबरी नळी असते, ती त्यांनी हळूच ओढून काढली. दार वर्षानुवर्षे उघडझाप होताना आतील तारा नेमक्या तेथेच वाकतात. माझ्या गाडीत एका तारेचे आवरण चिरले होते, तांब्याच्या केसांवर हिरवा गंज चढला होता, आणि दार लावले की तुटके टोक पत्र्याला टेकत होते. स्पीकर मात्र ठणठणीत होता. ४ ओहमच्या स्पीकरचा रोध मीटरवर साधारण साडेतीन ओहम दिसायला हवा, तसा तो दिसला; आणि १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवताच कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा कागदी शंकू, खरखरून बाहेर उचलला गेला. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावल्यावर कोन बाहेरच आला पाहिजे, आत गेला तर जोडणी उलटी समजावी. एका बाजूची जोडणी उलटी राहिली तर आवाज येतो, पण बास (खालचे, घुमणारे सूर) बराच कमी होतो.

दुरुस्तीही मनापासून झाली. लवचीक, बहुतारी तांब्याची नवी जोडी टाकली, सांधे वाकण्याच्या जागेपासून दूर ठेवून सोल्डर केले आणि त्यांवर नुसती चिकटपट्टी न गुंडाळता हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी) चढवली. उन्हात तापून चिकटपट्टीचा डिंक सुटतो, हे ज्याने जुनी वायरिंग उघडली आहे त्याला वेगळे सांगायला नको. दाराच्या आतील पत्र्यावरचा फाटलेला प्लॅस्टिकचा कागदही त्यांनी न सांगता बदलला. काचेवरून उतरणारे पाणी त्या फटीतून स्पीकरच्या कागदी कोनावर येते, हे पाहता तो बदल बिनकामाचा नव्हता. मागच्या उजव्या स्पीकरची कॉइल (कोनाला हलवणारे तारेचे वेटोळे) किंचित घासते, हेही त्यांनी कोन बोटांनी दाबून मला ऐकवले. मात्र आज बदलायची घाई नाही, बदलाल तेव्हा दोन्ही मागचे एकदम बदला, एवढेच सांगून विषय संपवला. मजुरी आणि सामान मिळून ८५० रुपये झाले.

तक्रारीही आहेत. दर आधी विचारल्याशिवाय सांगितला जात नाही, आणि पक्के बिल मागावे लागते. गाडी उभी करायला जागा जवळपास नाहीच, त्यामुळे काम रस्त्याकडेला चालते आणि येणाऱ्याजाणाऱ्या टेम्पोंना वाट देत गाडीच्या मालकाला तेथेच थांबावे लागते. बसायला एक स्टूल आहे, तेही बहुधा कोणीतरी आधीच घेतलेले असते. दाराचे पॅनेल परत बसवताना एक क्लिप तुटली, ती त्यांच्याकडे शिल्लक नव्हती, आणि त्या कोपऱ्यात खड्ड्यावरून जाताना अजून खडखड होते. क्लिप आल्यावर फुकट बसवून देऊ, असे ते म्हणाले आहेत. कंपनीच्या मूळ टचस्क्रीनचे सॉफ्टवेअर बिघडले असेल तर ते काम येथे घेतले जात नाही आणि ते तसे आधीच स्पष्ट सांगतात. वायरिंग, स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांच्या कामासाठी मात्र सकाळी दुकान उघडताच गेलेले बरे, कारण दुपारनंतर नव्या गाड्यांचे फिटिंग सुरू होते आणि बिघाड शोधायला निवांत वेळ उरत नाही.