साधा कोड एडिटर की संपूर्ण वेब साधन: एका चौदा पानी कामाचा अनुभव

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका हौशी नाट्यमंडळाचे चौदा पानांचे संकेतस्थळ मी गेल्या पावसाळ्यात नव्याने उभे केले आणि त्या निमित्ताने नोटपॅड प्लस प्लस, व्हीएस कोड, वेबस्टॉर्म आणि ड्रीमवीव्हर ही संकेतस्थळाचा कोड लिहिण्याची चारही साधने एकाच कामावर वापरून पाहिली. माझ्याकडे येणारी बहुतेक कामे याच आकाराची असतात: एखादे देवस्थान, एखादे छोटे अतिथिगृह, एखादी बेकरी. हा अभिप्राय त्याच मापाने वाचावा.

नोटपॅड प्लस प्लस २००३ पासून उपलब्ध आहे, मोफत आहे आणि फक्त विंडोजवर चालते. ते झटकन उघडते, आणि न जतन केलेल्या मजकुराची प्रत ते मूळ सेटिंगनुसार दर सात सेकंदांनी राखून ठेवते. जुलै महिन्यात दुपारी दोनदा वीज गेली, लॅपटॉपची जुनी बॅटरी टिकली नाही, तरी पुन्हा सुरू केल्यावर प्रयोगांच्या तारखांचे अर्धवट पान जसेच्या तसे समोर आले. मराठी मजकुरासाठी त्यातील एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे फाईलमध्ये कोणत्या पद्धतीने साठवायची ते ठरवणारा, मेनू मला फार मोलाचा वाटतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका जुन्या एडिटरमध्ये मी देवस्थानाच्या वार्षिक उत्सवांचे पान सर्व लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ ऐवजी देवनागरी न सामावणाऱ्या जुन्या एएनएसआय पद्धतीने जतन केले होते. फाईल पुन्हा उघडली तेव्हा प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह होते, आणि मूळ अक्षरेच पुसली गेल्यामुळे सगळे पान नव्याने टंकावे लागले.

साध्या एडिटरची मर्यादा मात्र याच कामात स्पष्ट दिसली. ‘नाटक’ या नावाच्या पानाचे नाव ‘प्रयोग’ असे बदलायचे होते आणि त्याचा दुवा चौदाही पानांच्या मेनूत होता. सर्व फाईलींमध्ये शोधून बदलण्याची आज्ञा दिली, तेव्हा ‘नाटकफोटो’ या फोल्डरचे पत्तेही सोबत बदलले आणि सगळी छायाचित्रे गायब झाली. साध्या एडिटरला नुसती अक्षरे दिसतात. हा दुवा पानाचा आणि तो पत्ता छायाचित्राचा, हे त्याला उमगत नाही. हेच नामांतर वेबस्टॉर्ममध्ये केले तेव्हा त्याने नेमके मेनूतले दुवेच बदलले. ड्रीमवीव्हरनेही दुवे सुधारायचे का, असे आधी विचारले.

म्हणून मोठे साधनच घ्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही. प्रकल्प पहिल्यांदा उघडला की वेबस्टॉर्म सर्व फाईलींची अनुक्रमणी तयार करते, आणि आठ जीबी रॅमच्या माझ्या लॅपटॉपचा पंखा तेवढा वेळ सतत फिरत होता. ऑक्टोबर २०२४ पासून ते अव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे, त्यामुळे मंडळाच्या विनामूल्य कामाला चालले; पैसे घेऊन केलेल्या कामासाठी परवाना घ्यावा लागतो. जावास्क्रिप्टच्या शेकडो फाईली असलेल्या प्रकल्पात तो खर्च भरून निघेल, चौदा पानांत निघणार नाही. मॅक्रोमीडियाने १९९७ मध्ये आणलेल्या आणि पुढे अडोबीकडे गेलेल्या ड्रीमवीव्हरचेही भाडे सतत भरावे लागते. पान डोळ्यांसमोर ठेवून मांडणी करणाऱ्याला ते सोयीचे आहे, पण मी कोड हातानेच लिहितो.

माझे रोजचे काम व्हीएस कोडवर स्थिरावले आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला हा मोफत एडिटर लिनक्सवरही चालतो, एमेट (थोडक्या अक्षरांतून पूर्ण कोड उमटवणारी सोय) आणि गिट (फाईलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन) वापरण्याची सोय त्यात मुळातच आहे, आणि बाकीचे गरजेनुसार जोडता येते. या जोडण्याच्या मोहाला आवर घालावा, असे मी तळमळीने सांगेन. वीस एक्स्टेन्शन, म्हणजे अशा जोड-सुविधा, घातल्यावर त्याचा हलकेपणा उरत नाही.

मंडळाच्या चिटणीसांना मात्र मी नोटपॅड प्लस प्लसच बसवून दिले. त्यांना फक्त प्रयोगांच्या तारखा बदलायच्या असतात. नवी फाईल यूटीएफ-८ मध्येच उघडेल याची सोय आधी करून दिली, आणि गणेश चवथीनंतरच्या प्रयोगांचे पान त्यांनी स्वतः बदलून चढवले. एकही अक्षर बिघडले नाही.