आय७ची चिठ्ठी आणि साठ हजारांचा गेमिंग पीसी

अकोल्याहून भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका दुकानातल्या कोटेशनचा फोटो पाठवला. निळ्या बॉलपेनने लिहिलेल्या सहा ओळी : आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट चार पंख्यांसकट. खाली आकडा, आणि आकड्याखाली दोनदा अधोरेखित केलेलं ‘फुल गेमिंग’. बजेट साठ हजार, मॉनिटर वेगळा. प्रश्न एवढाच, “मामा, घेऊन टाकू का?”

सहा ओळींत एकही मॉडेल नंबर नव्हता. त्याला म्हटलं, दुकानात परत जा आणि प्रत्येक ओळीपुढे नंबर लिहून आण. संध्याकाळी नंबर आले. आय७ म्हणजे आय७-३७७०, २०१२ सालचा. ग्राफिक कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, २०१६चं. एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, कंपनीच नव्हती.

आता या आय७ शेजारी आय३-१२१००एफ ठेवून बघा. दोन्हींत ४ कोअर (काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). कागदावर जुळी भावंडं वाटतात, पण मध्ये दहा वर्षं गेलीत, आणि आजच्या खेळांत हा ‘छोटा’ आय३ त्या आय७ला कुठल्या कुठे मागे टाकतो. शिवाय जुन्या आय७वर डीडीआर३ रॅम लागते आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११वर व्हॅलोरंट हा खेळ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. भाचा मुख्यतः व्हॅलोरंटच खेळतो, म्हणजे चिठ्ठीचा निकाल तिथेच लागला. १०५० टीआयच्या पिढीला एनव्हिडियाकडून नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर मिळणंही ऑक्टोबर २०२५पासून बंद झालं. आय३, आय५, आय७ हे आकडे एकाच पिढीत तोलायचे असतात. पिढी बदलली की त्यांना अर्थ राहत नाही.

चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या पर्यायांवर आलो. या बजेटमध्ये प्रोसेसर आणि मदरबोर्डाच्या तीन वाटा आहेत.

पहिली एएमडीच्या एएम४ सॉकेटची (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) : रायझन ५ ५६००. दुसरी इंटेलची : कोअर आय५-१२४००एफ. दोघेही २०२२चे, दोघांत ६ कोअर आणि १२ थ्रेड, दोघांच्या डब्यात कूलर येतो, त्यामुळे वेगळा घ्यावा लागत नाही. साठ हजारांत जे कार्ड बसतं त्याच्यासोबत खेळताना या दोघांतला फरक आकडे बघितल्याशिवाय कळणार नाही. त्यावर रात्र-रात्र वाद घालणाऱ्यांना घालू द्या. तिसरी वाट एएम५ची : रायझन ५ ७५००एफ. हा दोघांपेक्षा ठळकपणे वेगवान आहे. पण त्याचा मदरबोर्ड महाग, आणि तो फक्त डीडीआर५ घेतो.

पहिल्या दोन वाटा पुढे बंद होतात. एएम४वर फार तर आठ कोअरचा ५७००एक्स किंवा तसलंच काही बसवाल. इंटेलच्या त्या सॉकेटमध्ये १२वी, १३वी आणि १४वी पिढी बसते, २०२४च्या ऑक्टोबरात नवीन सॉकेट आलं. एएम५वर मात्र २०२७पर्यंत आणि त्यानंतरही नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने सांगितलं आहे. म्हणून जो-तो सल्ला देतो, ‘फ्यूचरप्रूफ घे, एएम५ घे.’

माझं मत वेगळं आहे. मी आजवर नात्यागोत्यातल्या मुलांना सात-आठ पीसी जुळवून दिले. त्यातल्या एकानेही त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवलेला नाही. कार्ड बदललं, रॅम वाढवली, एसएसडी जोडली. प्रोसेसर बदलायची वेळ आली तेव्हा मुलगा नोकरीला लागलेला होता आणि त्याने सगळंच नवं घेतलं. वाढीची जागा ठेवायला पैसे लागतात, आणि या बजेटात ते ग्राफिक कार्डातून कापले जातात. एएम५ घेऊन त्यावर हलकं कार्ड लावणं म्हणजे रस्ता रुंदीकरण होईल या आशेवर गल्लीत ट्रक घेऊन ठेवणं. दोन वर्षांत कार्ड बदलायचे पैसे हातात येतील याची खात्री असेल, तर गोष्ट वेगळी. पगार सुरू झालेला असेल, तर जरूर एएम५ घ्या. बाबांकडून एकदाच पैसे मिळणार असतील, तर नको.

उरले ५६०० आणि १२४००एफ. निवड मदरबोर्डावर करा. आजची स्वस्त कार्डं बहुतेक पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या मार्गाच्या, आठच लेन वापरतात, म्हणून स्लॉट चौथ्या पिढीचा असलेला बरा. इंटेलकडे अगदी स्वस्त एच६१० बोर्डावरही तो मिळतो. एएमडीकडे ए५२० आणि बी४५० हे बोर्ड तिसऱ्या पिढीवर थांबतात, चौथीसाठी बी५५० घ्यावा लागतो. दुकानदार ५६०० ऐवजी ५५०० पुढे करेल, ‘शंभराचा आकडा कमी, बाकी सेम’ म्हणेल. सेम नाही. ५५००मध्ये कॅशे (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ३२ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआयई तिसऱ्या पिढीचं. त्यावर चारच लेनचं आरएक्स ६५०० एक्सटी लावलं, तर स्वस्तात स्वस्त आणि वाईटात वाईट अशी जोडी होते.

भाच्याचा प्रश्न रॅमने सोडवला. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, कारखाने तिकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल हा घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत त्याच्या घरातल्या बंद पडलेल्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर४ ३२००ची ८ जीबीची एक स्टिक पडून होती. तिच्या जोडीला तशीच दुसरी घेतली की १६ जीबी झाली, तीही ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम काम करणाऱ्या. डीडीआर५च्या बोर्डात ही स्टिक बसतच नाही. म्हणजे एएम५चा विचार तिथेच संपला. तुमच्याही घरी जुना पीसी असेल, तर कोटेशन मागायच्या आधी त्याचं झाकण उघडा. १२४००एफसाठी डीडीआर४चे आणि डीडीआर५चे असे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात. डब्यावर नीट वाचून घ्या.

आता ग्राफिक कार्ड. बजेटमधला सर्वांत मोठा घास याचाच असला पाहिजे, शंभरातले पस्तीस-चाळीस रुपये तरी. १०८०पी (फुल एचडी) मॉनिटर धरून तुलना करतो.

| कार्ड | मेमरी | बस (मेमरीच्या मार्गाची रुंदी) | वीज |
|---|---|---|---|
| आरटीएक्स ३०५० | ६ जीबी | ९६ बिट | ७० वॅट |
| आरटीएक्स ३०५० | ८ जीबी | १२८ बिट | १३० वॅट |
| आरएक्स ६६०० | ८ जीबी | १२८ बिट | १३२ वॅट |
| आरटीएक्स ४०६० | ८ जीबी | १२८ बिट | ११५ वॅट |
| आरटीएक्स ३०६० | १२ जीबी | १९२ बिट | १७० वॅट |
| आर्क बी५८० | १२ जीबी | १९२ बिट | १९० वॅट |

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. नाव एक, कार्डं दोन. ६ जीबीवालं २०२४मध्ये आलं, त्यात कोअरही कमी आहेत. दोन जीबी मेमरीसोबत वेगही जातो. त्याची एकच मोठी सोय म्हणजे त्याला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या जुन्या डेल किंवा एचपीच्या डब्यात ते बसतं. नवा पीसी जुळवणाऱ्याला या सोयीचा उपयोग नाही. ३०६०चंही असंच, त्याचं १२८ बिटचं ८ जीबीवालं भावंड बाजारात आहे. बिलावर नुसतं ‘आरटीएक्स ३०६०’ लिहिलेलं चालवून घेऊ नका.

निव्वळ खेळायचं असेल, तर आरएक्स ६६००. ३०५०च्या ८ जीबीवाल्यापेक्षाही ते साधारण पाव हिश्श्याने पुढे, वीज तेवढीच. एक कमीपणा सांगायला हवा. एएमडीने २०२५च्या शेवटी या पिढीचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले, त्यावर ओरड झाली, मग कंपनीने खुलासा केला की नव्या खेळांचा सपोर्ट चालू राहील. तीन-चार वर्षं वापरायच्या दृष्टीने मला यात अडचण दिसत नाही.

कॉलेजचं काम असेल, म्हणजे ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग, मशीन लर्निंगचे प्रॅक्टिकल, तर मात्र एनव्हिडियाच घ्या. कुडा, म्हणजे ही कामं कार्डाकडून करून घेणारं त्यांचं सॉफ्टवेअर, तिथेच चालतं. डीएलएसएसही (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) त्यांच्याकडेच आहे, आणि ते १०८०पीवरही चांगलं दिसतं. अशा मुलाला मी ३०६०चं १२ जीबीवालं सांगेन, नाहीतर थोडे पैसे घालून ४०६०. आर्क बी५८०ची मेमरी बघून मोह होतो, आणि ताकद आहेच. पण बोर्डात रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू असलाच पाहिजे, आणि हलक्या प्रोसेसरसोबत त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर पडून फ्रेम घसरतात. ७५००एफसोबत बिनधास्त घ्या, आय३सोबत नको.

कार्डच न घेण्याचाही एक मार्ग असतो : रायझन ५ ५६००जीसारखा ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यायचा, व्हॅलोरंट खेळायचा, कार्ड सवडीने. दोन वर्षांपूर्वी मी हा मार्ग आनंदाने सुचवला असता. पण असा प्रोसेसर रॅमचाच तुकडा ग्राफिक्सला देतो, म्हणून त्याला दोन स्टिक आणि भरपूर रॅम लागते, आणि आज नेमकी तीच महाग आहे. वर ५६००जीचं पीसीआयई तिसऱ्या पिढीचं आणि कॅशे अर्धी, म्हणजे पुढे कार्ड लावलं तरी ५६००ची बरोबरी नाही. चाळीस हजारांच्या आतलं बजेट असेल तरच.

एसएमपीएसवर मी कुणाशी तडजोड करत नाही. चिठ्ठीतल्या ‘४५० वॅट’चा फोटो मागवला. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात लिहिलं होतं १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर जगतात, बाकीचे वॅट नुसते शोभेचे. नावाजलेल्या कंपनीच्या ५५० वॅटवर याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. हा गुणाकार दुकानात उभ्या-उभ्या करा. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), ५५० वॅट, पाच वर्षांची वॉरंटी, एवढं पुरे. आपल्याकडे लाइट जाते तशी येतेही दणक्यात, आणि तो दणका आधी एसएमपीएस खातो. यूपीएस घेणार असाल, तर ६०० व्हीएचे बरेचसे ३६० वॅटचेच असतात. ६६००च्या पीसीला मॉनिटर धरून काठावर पुरतं, बी५८०ला ११०० व्हीए बघा.

कॅबिनेटबद्दल एवढंच की अकोल्याचा मे डोळ्यांपुढे आणा. पुढून काच असलेल्या डब्यात चार रंगीत पंखे आतलीच गरम हवा घुसळत बसतात. जाळीचं तोंड आणि दोन साधे पंखे घ्या. एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान). हार्ड डिस्क नको.

सेकंडहँडमध्ये पैसा वाचतो हे खरं. प्रोसेसर आणि रॅम मी जुनी घेतो, ती सहसा बिघडत नाहीत. कार्ड घेताना बिल आणि उरलेली वॉरंटी मागतो, आणि समोर अर्धा तास जड खेळ चालवून पंखे ऐकतो. इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग सप्टेंबर २०२२मध्ये बंद पडल्यावर घासलेली कार्डं पोत्याने बाजारात आली, त्यातली काही अजून फिरताहेत. एसएमपीएस जुना कधीच नाही.

खरेदीसाठी मी मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते टॅक्सीवाल्यालाही सांगून बघा. प्रोसेसर, बोर्ड आणि कार्ड एकाच दुकानातून घेतलं की भावात घासाघीस होते, ऑनलाइनला ते जमत नाही. ‘बिल नको असेल तर कमी लावतो’ हे वाक्य येणारच. १८ टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो, पण सीरियल नंबरासकट बिल नसेल तर तीन वर्षांच्या वॉरंटीसाठी कुणाच्या दारात उभं राहणार? बोर्डाचा डबा काउंटरवरच उघडायला लावला. इंटेलच्या सॉकेटात पिना बोर्डावर असतात, केसाएवढ्या. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की वाकलेली पिन वेगळी चमकते. पहिल्या बोर्डात एक चमकली. दुकानदाराने काही न बोलता दुसरा डबा काढला.

शेवटी जमलं ते असं : १२४००एफ, एच६१०चा डीडीआर४ बोर्ड, घरची एक आणि विकतची एक ८ जीबी स्टिक, आरएक्स ६६००, ५०० जीबी एसएसडी, ५५० वॅट ब्राँझ, जाळीचं कॅबिनेट. भाच्याने व्हिडिओ कॉलवर सगळं स्वतः जोडलं. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. घरात सगळ्यांचे चेहरे पडले. मी त्याला मागची बाजू दाखवायला सांगितली. एचडीएमआयची वायर मदरबोर्डाच्या भोकात होती. ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, तिथून चित्र येणार कुठून? वायर खाली कार्डात लावली. स्क्रीन उजळली तशी मागून ताईचा आवाज आला, “आता याच्यावर अभ्यास पण होतो ना रे?”