अंदमानचं व्हाउचर

माझ्या आईचं माहेर भगूर. सावरकर वाड्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत ती लहानाची मोठी झाली. "एकदा ती कोठडी डोळ्यांनी बघायचीय," असं ती कित्येक वर्षं म्हणत होती. मुलाला डिसेंबरात सुट्टी लागली तेव्हा आम्ही चौघं अंदमानला गेलो ते तिच्यासाठीच. त्या सहलीत आमचे बरेचसे पैसे बुडाले. ते कसे बुडाले हे सविस्तर लिहितेय, कारण नाशिकमधल्या कितीतरी घरांत आत्ता अशाच बुकिंगची बोलणी चालू असतील.

एजंट इथलाच. कॉलेज रोडला छोटं ऑफिस, भिंतीवर निळ्याशार समुद्राचा मोठा फोटो, बोलणं अगदी अदबीचं. आईला म्हणाला, "मावशी, तुम्हाला कुठे पायपीट करावी लागणार नाही." विमानाची तिकिटं आम्ही स्वतः काढली होती. हॉटेल, गाडी, बोटी आणि स्थळदर्शन असे 86,000 रुपये त्याच्याकडे ठरले. 30,000 दिले, जीएसटी नंबर असलेली पावती मिळाली. आठवडाभराने फोन आला, "ताई, सीझन आहे, बोटीच्या सीटा संपत आल्यात. आज संध्याकाळपर्यंत पूर्ण पेमेंट करा." क्यूआर कोड आला तो भलत्याच नावाचा. विचारलं तर म्हणे, कंपनीच्या खात्याची आजची मर्यादा संपलीय, हे मेव्हण्याचं खातं. माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तरी ह्यांनी 56,000 पाठवले आणि मी अडवलं नाही.

पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजय पुरमला उतरलो तेव्हा गाडी हजर होती, हॉटेलही ठीक होतं. त्यामुळेच आम्ही निर्धास्त झालो. एवढं मात्र त्याने खरंच बुक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने रॉस बेट आणि नॉर्थ बे, दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाश कार्यक्रम, असा बेत होता. ठरलेली गाडी आलीच नाही. रिक्षाने साडेआठला राजीव गांधी वॉटर स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सच्या जेट्टीवर पोहोचलो. खिडकीवरच्या माणसाने माझ्या मोबाइलवरचं व्हाउचर दोन बोटांनी मोठं करून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ये टिकट नहीं है. इसमें बोट का नाम कहाँ है? आपका नाम कहाँ है?" खरंच नव्हतं. वर एजंटचा रंगीत लोगो, खाली "4 पॅक्स, ऑल इन्क्लुडेड" आणि शिक्का. तो कागद एजंटने स्वतःच्या कॉम्प्युटरवर तयार केला होता. बोटवाल्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

नाशिकला फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, "पाच मिनिटांत करतो." दुसऱ्यांदा, "तिथला माणूस निघालाय." अकरानंतर फोन बंद. तोवर आई जेट्टीच्या पायऱ्यांवर उन्हात बसून होती. तिने भगूरची चिमूटभर माती कुंकवाच्या करंड्यात आणली होती. तो करंडा पिशवीतून काढायची, झाकण घट्ट आहे ना बघायची, परत ठेवायची. एकदाही "काय झालं?" असं तिने विचारलं नाही. मला अजून सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटतं.

रॉस बेट सोडून दिलं. अंदमानात घड्याळ आपलंच असलं तरी डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे वाया गेलेली सकाळ भरून काढता येत नाही. स्वतः तिकीट काढून जेलमध्ये गेलो. मूळच्या 7 इमारतींपैकी आता 3 उरल्यात. 1911 साली सावरकरांना इथे आणलं, त्यांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर. आई कठड्याला धरून, मध्ये मध्ये थांबत चढली. करंडा क्षणभर उंबऱ्यावर ठेवला, हात जोडले. ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं मात्र संपली होती.

रात्री मला दुसऱ्या दिवशीच्या स्वराज द्वीपच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या बोटीची शंका आली. त्या तिकिटावर नावं होती, पीएनआर होता. बोट कंपनीला फोन केला. त्या पीएनआरवर दुसऱ्याच कुटुंबाने नोव्हेंबरात प्रवास केला होता. मग पीडीएफ नीट पाहिली. आमच्या नावांची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा जाड होती आणि तारखेचे आकडे ओळीच्या किंचित वर. घरी तेच तिकीट आम्ही चार वेळा उघडलं होतं. तिथल्या हॉटेलातही आमच्या नावाने खोली नव्हती. बोटी भरलेल्या, त्यामुळे राधानगर बीच राहिलाच.

त्याच रात्री 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे देऊन अकरा दिवस झाले होते आणि ते त्या खात्यातून पुढे गेले होते. या नंबरवर पहिल्या काही तासांत फोन झाला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. परत आलो तर ऑफिसला कुलूप. पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर नाव निघालं एका हार्डवेअरच्या दुकानाचं. दोन मिनिटांचं काम, पैसे देण्याआधी करायला हवं होतं. सायबर पोलिसांकडे अर्ज दिलाय, जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केलीय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, म्हणून घाबरून गप्प बसू नका.

ज्यांनी अंदमानसाठी पैसे भरलेत त्यांनी आजच एजंटकडून बोटीचा पीएनआर आणि हॉटेलचा बुकिंग नंबर मागा, आणि तो त्याला नाही, थेट बोट कंपनीला आणि हॉटेलला फोन करून विचारा. त्यांचे फोन नंबरही एजंटकडून घेऊ नका, स्वतः शोधा. व्हाउचर दाखवून "सगळं झालंय" म्हणाला तर उरलेले पैसे देऊ नका. याच माणसाकडे जानेवारीचं बुकिंग केलेलं सिडकोतलं एक कुटुंब आम्हाला पोलीस ठाण्यात भेटलं. त्यांची दुसऱ्या हप्त्याची तारीख परवाची होती.