गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा: फनेल घ्यावा की डेल्टा?

कपाशीसाठी कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाची गोळी लावून नर पतंग ओढणारा सापळा, मागितला की दुकानात दोन नमुने पुढे येतात. एक फनेल: वर झाकण, खाली नरसाळं आणि त्याला लटकलेली प्लास्टिकची लांब पिशवी. दुसरा डेल्टा: घडी घालून उभा करायचा त्रिकोणी सापळा, तळाशी चिकट कागद. बहुतेक जण फनेल उचलतात, कारण तो टिकतो आणि पुढच्या हंगामाला धुऊन परत वापरता येतो. हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी तो उत्तमच आहे. गुलाबी बोंडअळीच्या निरीक्षणाला मात्र आमचं मत डेल्टाला.

कारण पतंगाच्या चणीत आहे. घाटेअळीचा पतंग नॉक्ट्युइडी कुळातला, पंख पसरले की साडेतीन-चार सेंटिमीटर भरणारा; पिशवीत मरून पडला तरी लांबून ओळखू येतो. गुलाबी बोंडअळी, म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, गेलेकिडी या बारीक पतंगांच्या कुळातली. पंख मिटून बसलेला पतंग आठ-नऊ मिलिमीटरचा, बासमतीच्या दाण्याएवढा. गुजरातेतल्या भडोचहून १८४२ मध्ये गेलेल्या नमुन्यांवरून कीटकशास्त्रज्ञ साँडर्स यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा तो डिप्रेसारिया प्रजातीत (जीनसमध्ये) होता. १९१७ मध्ये कीटकशास्त्रज्ञ बस्क यांनी त्याच्यासाठी पेक्टिनोफोरा ही वेगळी प्रजाती केली. तिच्यातल्या बाकीच्या दोन जाती ऑस्ट्रेलियाकडच्या, त्यामुळे आपल्या शेतात प्रजातीपर्यंत पोचलात की जात कळलीच.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. पुढचे पंख लांबट, टोकाला निमुळते, करडे-तपकिरी, त्यावर काळपट वेडेवाकडे आडवे पट्टे. मागचे पंख पुढच्यांपेक्षा रुंद, चंदेरी राखाडी, कडेला लांब केसांची झालर. डोक्यापुढे दोन लांब मिशा वर वळलेल्या दिसतात, त्या स्पर्शिका नव्हेत, ओठांचे स्पर्शक आहेत. खऱ्या स्पर्शिकेच्या पहिल्याच पेरावर पाच-सहा ताठ केसांचा कंगवा असतो. तो दिसला तर ओळख बरीचशी पक्की झाली असं समजा.

एवढी बारकाई कशाला? तर सापळ्यातल्या गंधाच्या गोळीला आणखी एक पाहुणा येतो. तिच्यातल्या गॉसिप्लुअरमध्ये, म्हणजे गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधात, दोन घटक जवळपास निम्मे-निम्मे असतात. त्यातला एक हाच साठवणीच्या धान्यात पडणाऱ्या सिटोट्रोगा सेरियालेला या पतंगाच्या मादीचा गंध आहे. तोही गेलेकिडी कुळातलाच, चणही तीच. गोठ्याजवळ, ज्वारी-मक्याच्या पोत्यांच्या खोलीजवळ सापळा लावला की हे नर आत सापडतात आणि आकडा फुगतो. फरक रंगात आहे: धान्यातला पतंग गवती पिवळट, पुढच्या पंखावर आडवे पट्टे नाहीत, फार तर एखाद-दुसरा काळा ठिपका, मागचा पंख अरुंद आणि टोकाला बोटासारखा निघालेला. तेव्हा सापळा घर, गोठा, गोदाम यांच्यापासून लांबच हवा.

आता फनेलचं दुखणं. पिशवीत पडलेला पतंग रात्रभर फडफडतो, पंखांवरचे खवले झडतात आणि सकाळी हाताला टकला राखाडी किडा लागतो. ना पट्टे, ना रंग. पाऊस झाला की पिशवीच्या तळाशी पाणी साचून लगदा होतो. मुंग्या चढल्या तर नुसते पंख उरतात. खांबाला ग्रीसचा पट्टा ओढला तर हे थांबतं. पिशवीला पीळ बसला असेल तर पतंग खाली उतरतच नाही. म्हणून तिचं खालचं टोक रबराने खांबाला सैल बांधावं.

डेल्टात पतंग जिथे चिकटला तिथेच राहतो, खवल्यांसकट. पण त्याचीही खोड आहे: धूळ. गाडरस्त्याच्या कडेला लावलेला कागद काही दिवसांत मातकट होतो आणि मग पतंग त्यावर चालत निघून जातात. शून्य आलं तर आधी कागदाला बोट लावून बघा. जास्तीचे कागद सोबत मिळत नसतील तर तो डेल्टा घेऊ नका. लावताना दोन्ही उघडी तोंडं वाऱ्याच्या दिशेत ठेवा.

गोळीबद्दल थोडक्यात. पाकीट लावायच्या दिवशीच फोडावं, उरलेली पाकिटं फ्रिजमध्ये. घाटेअळीची गोळी हाताळलेल्या बोटांनी ही धरू नका, तंबाखूच्या हातांनी तर नाहीच. बदलायची मुदत पाकिटावर असते. ती छापलेलीच नसेल तर पाकीट परत करा. जुनी गोळी बांधावर फेकली तर तीच नर ओढत राहते, म्हणून ती शेताबाहेर न्या.

निरीक्षणाला एकरी २ सापळे पुरतात, पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पाते लागताना. उंची पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर, पऱ्हाटी वाढेल तशी वाढवत न्यायची. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले तर आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करायची वेळ, गाठली असं धरतात. इथे आठवड्याची बेरीज चालत नाही, रोज सकाळी मोजून कागद साफ करावा लागतो. शिवाय आत येतात ते फक्त नर. बोंडात काय चाललंय ते २० हिरवी बोंडं फोडूनच कळतं. दोनांत अळी निघाली तर १० टक्के बोंडं किडलेली. शेतात मिलन रोखणाऱ्या गंधाच्या दोऱ्या बांधल्या असतील तर त्या गंधाने नर गोंधळतात आणि सापळा गप्पच राहणार, मग सगळी मदार बोंडांवर.

एकरी ८ सापळे लावून नर सामूहिक पकडायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे ओळखीपेक्षा टिकाऊपणा आणि साठवायची जागा महत्त्वाची, म्हणून फनेलच घ्या. पण त्या शेतातही एक डेल्टा मोजणीसाठी ठेवा आणि निर्णय त्याच्याच आकड्यावर घ्या.