बटेरांच्या खाद्यात एन्झाइम : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्यापासून मी बटेरांच्या खाद्यात झायलनेज, फायटेज आणि प्रथिने पचवायला मदत करणारे प्रोटीएज असलेली एन्झाइमची मिश्र पावडर वापरत आहे. इंदूरजवळ राऊच्या बाजूला आमच्या शेडमध्ये सुमारे सहाशे जपानी बटेर आहेत आणि त्यांचे खाद्य आम्ही घरीच भरडून मिसळतो. ही पावडर उपयोगी आहे की नाही, हे मुख्यतः खाद्यात धान्य कोणते आहे यावर ठरते, असे माझे मत झाले आहे.

पहिले दोन महिने मी ती मका-सोयापेंडीच्या नेहमीच्या खाद्यात, बाकी काहीही न बदलता, वरून घातली. सराफी काट्यावर दर आठवड्याला वजने घेतली, तरी सांगण्याजोगा फरक दिसला नाही. एका तुकडीत मात्र पाचव्या आठवड्यात एन्झाइमवाले पक्षी ठळकपणे जड भरले आणि मला फार आनंद झाला. पण छातीची पिसे पाहून मोजले, तेव्हा त्या कप्प्यात ठिपकेदार छातीच्या माद्याच जास्त निघाल्या. बटेरात मादी नरापेक्षा जड असते. त्या दिवसापासून मी नर आणि माद्या वेगवेगळ्या तोलतो, आणि ज्यांना असा प्रयोग करायचा असेल त्यांनीही तसेच करावे.

खरा फरक हिवाळ्यात कळला. मका महागला म्हणून छावणी मंडीतून चाळणीखालचा बारीक गहू आणला आणि मक्याचा एक-तृतीयांश भाग त्याने भरून काढला, मात्र निम्म्या पिंजऱ्यांना मुद्दाम एन्झाइम दिले नाही. गव्हातील अरबिनोझायलन हा तंतुमय पदार्थ आतड्यात पाणी धरून चिकट होतो आणि अन्नरस शोषला जाण्यात अडथळा आणतो. झायलनेज हे एन्झाइम त्याचेच तुकडे करते. हे मी ट्रे खरवडताना प्रत्यक्ष पाहिले. एन्झाइम नसलेल्या बाजूची विष्ठा लापशीसारखी पसरून पत्र्याला चिकटत असे, अमोनियाचा वास डोळ्यांत जात असे, आणि संध्याकाळी गोळा केलेल्या अंड्यांवर चिखलासारखे डाग असत. दुसऱ्या बाजूची विष्ठा घट्ट गोळ्यांची होती आणि तिथले नर व माद्या, दोघेही, वजनात पुढे राहिले.

फायटेजच्या बाबतीत मात्र मी चूक केली. धान्य आणि पेंडीतला सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट या न पचणाऱ्या संयुगात अडकलेला असतो आणि फायटेज तो मोकळा करते, हे खरे. परंतु विक्रेत्याच्या सांगण्यावरून मी पिल्लांच्या खाद्यातले डायकॅल्शियम फॉस्फेट (डीसीपी, म्हणजे फॉस्फरस पुरवणारा क्षार) पूर्ण बंद केले. तीन आठवड्यांची काही पिल्ले गुडघे टेकून बसू लागली. त्यांतले एक हातात घेतले, तर त्याची चोच दाबल्यावर रबरासारखी वाकली. तो स्पर्श मी विसरलेलो नाही. किलोमागे 500 युनिट फायटेज साधारण 0.1 टक्का उपलब्ध फॉस्फरसाचीच भर घालते, म्हणून आता मी डीसीपी तेवढ्याच हिशेबाने कमी करतो. शिवाय पावडर थेट मिक्सरमध्ये टाकत नाही. ती आधी एक किलो भरड्यात, मग पाच किलोत आणि त्यानंतरच सगळ्या खाद्यात मिसळतो, कारण एवढेसे पक्षी दिवसाला मूठभरही खात नाहीत आणि मिश्रण असमान असेल तर काहींच्या वाट्याला काहीच येत नाही.

गव्हामुळे अंड्याचा बलक फिका पडतो, त्यावर एन्झाइमचा इलाज नाही. नेहमीच्या ग्राहकांनी तक्रार केल्यावर मी शेवग्याच्या पाल्याची पूड घालू लागलो आणि रंग बराच परतला.

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली ठेवलेल्या उघड्या पिशवीतली पावडर गोळे धरू लागली आणि ट्रे पुन्हा चिकट झाले. आता पिशवी घट्ट बांधून घरातल्या थंड खोलीत ठेवतो आणि दोन महिन्यांत संपेल एवढीच आणतो. आमचे खाद्य मॅश, म्हणजे वाफ न दिलेला कोरडा भरडा, असल्यामुळे उष्णतेचा दुसरा प्रश्न येत नाही. वाफ देऊन गोळी खाद्य करणाऱ्यांनी मात्र घेण्यापूर्वी ती पावडर 85 अंशांच्या वाफेत टिकते का, हे आधी विचारून घ्यावे.